एका बुटावर बाळकुमपर्यंत

प्रवास करून आल्यावर तो लिहून काढायचा, अशी आमच्या ऑफिसात पद्धत आहे. ही पद्धत काणेकरांनी पाडली. ते दोनदा हिमालयात जाऊन आले आणि दोन्ही वेळा परतल्यावर महिनाभर डबा खाताना त्यांनी आम्हाला बर्फाखेरीज दुसरं काही गिळू दिलं नाही. मी हिमालय पाहिलेला नाही. मी डोंबिवलीहून निघून कल्याणमार्गे बाळकुमला गेलो आणि ठाण्याहून परत आलो. सकाळी सातला घर सोडलं आणि दिवेलागणीला घरी होतो. जे या वाटेनं कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जे रोज जातात त्यांनी कृपया हसू नये.

आधी मुळात निघालो कशाला ते सांगायला हवं. माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. महाबळेश्वर परवडत नव्हतं आणि रजाही नव्हती, त्यामुळे लग्नानंतर आम्ही दोघं कुठेच गेलो नव्हतो. डोंबिवली पूर्वेला चाळीत आमच्या दोन खोल्या. त्यात आई, दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. सुलभा आली ती सातवी. नवं जोडपं म्हणून आम्हाला स्वयंपाकघर देण्यात आलं होतं. पण आमच्याकडे नळाला पाणी पहाटे चारला येतं आणि पिंपं स्वयंपाकघरात आहेत. त्यामुळे रोज पहाटे अख्खं घर हंडे-कळश्या घेऊन आमच्या अंथरुणावरून ये-जा करायचं. दादा तर आमच्या उशाशी थांबून न चुकता "झोपा, झोपा" म्हणायचा.

सुलभा दापोलीकडची, खाडीकाठच्या गावातली. आम्ही नगरकडचे, आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर. तीन महिन्यांत ती माझ्याशी जे काही बोलली ते तीन शब्दांत मावतं : हो, बरं आणि चालेल. "आमची सून म्हणजे अगदी गाय," असं आई चाळभर सांगत होती. पहिला महिना मलाही त्याचा अभिमान वाटला. दुसऱ्या महिन्यात जरा काळजी वाटू लागली. तिसऱ्या महिन्यात सासऱ्यांचं पत्र आलं. सुलभाला शिमग्याला पाठवावं, महिनाभर राहू द्यावं, पुढचं पुढे बघू. हे "पुढचं पुढे बघू" मी पंचवीस वेळा वाचलं.

त्याच संध्याकाळी ती ट्रंक भरायला बसली. लग्नातल्या सगळ्या साड्या भरल्या, स्वेटर भरला आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून दहावीचं सर्टिफिकेट ठेवलं. शिमग्याला दहावीचं सर्टिफिकेट कोण नेतं? ही परत येणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं. विचारावं, तर विचारायचं कुठे? घरात कानांच्या पाच जोड्या. गॅलरीत गेलो तर अख्ख्या मजल्याच्या. शुक्रवारी ती जाणार होती. तेव्हा ठरवलं, त्याआधीचा रविवार फक्त दोघांचा. दिवसभर फिरायचं, तिसरं माणूस बरोबर नको, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचं.

काणेकरांनी त्यांची हिमालयातली सॅक दिली. तिला मागून अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या होत्या आणि ती पाठीला लावली की माझ्या डोक्यावर एक वीत उरायची. शिवाय स्वस्तात फिरण्याचे तीन नियम दिले. एक, टांगा-रिक्षा करायची नाही. दोन, पाण्याची बाटली हातची सोडायची नाही. तिसरा नियम त्यांनी बोट उगारून सांगितला : जो आपणहून बोलायला येतो तो दलाल, त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

घरी सांगितलं की दुर्गाडीच्या देवीला जाऊन येतो. आई म्हणाली, "देवी आहे तर मीही येते." मी म्हणालो, खूप चालायचं आहे. "मग दादाला ने," ती म्हणाली. शेवटी मी सॅक पाठीला लावून खोलीत एक फेरी मारून दाखवली. तीत फळीवरचे दोन डबे खाली आले आणि मग बरोबर यायला कुणी धजलं नाही.

कल्याण

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तोच एक बारीक मिशांचा गृहस्थ माझ्या खांद्याला खांदा लावून चालायला लागला. "रूम पायजे, साहेब? साफ आहे. रजिस्टरमधी काय पन नाव लिवा."

तिसऱ्या नियमाची पहिलीच परीक्षा, पण मी नापास झालो. "आमचं लग्न झालंय!" मी जवळजवळ ओरडलोच.

"सगळे तसंच बोलतात," तो समजुतीनं म्हणाला.

मी सुलभाच्या मंगळसूत्राकडे बोट दाखवलं. "ते पन घालूनच येतात," तो म्हणाला. आजूबाजूचे टांगेवाले, केळीवाले आणि एक हवालदार आमच्याकडे बघू लागले. हातात हिरवा चुडा भरलेली बायको आणि पाठीवर एवढं बिऱ्हाड. आम्ही पळून आलेलो आहोत याबद्दल तिथे कुणालाही शंका उरली नव्हती. खरं सांगायचं तर क्षणभर माझ्या मनात आलं, की रूम म्हणजे चार भिंती आणि एक दार. मग मी सुलभाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मी घाईनं चालायला लागलो.

टांगेवाला मात्र सुटला नाही. "दुर्गाडी चलो, भाभी. घोडा एकदम शांत है." आम्ही चालत राहिलो, तर त्यानं टांगा आमच्या चालीनं आमच्या बाजूनं घेतला. आधी अर्ध्या भाड्यावर आला, मग पाव भाड्यावर. पारनाक्याच्या अलीकडे तो म्हणाला, "अच्छा, सिर्फ वो बॅग तो रख दो टांगे में. मेरे घोडे को शरम आती है." मी मान ताठ ठेवली. सॅकच्या पट्ट्यांनी ती तशीही ताठच राहत होती.

तिसरा होता भोईर. माझ्याच वयाचा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात गुळगुळीत कागदाची पत्रकं. "साहेब, घर बघता? वन रूम किचन, बाळकुमला, ठान्यात. नुसतं बघायचं, बघायचे पैसे नाहीत." मी गप्प. "नका बोलू. कागद तरी घ्या." मी कागद घेतला नाही. सुलभानं घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला. भोईरला तेवढं पुरलं. त्याची जीप आमच्या मागून यायला लागली. अशा रीतीनं फक्त दोघांचा तो प्रवास पुढे आम्ही, बाजूला टांगा आणि मागे जीप असा गावातून निघाला. एका दुकानदारानं उठून विचारलं, कुठल्या पार्टीचं आहे?

दुर्गाडी

देवीचं दर्शन छान झालं. पायरीपाशी नारळवालीनं बूट-चपला आपल्याकडेच काढायला लावल्या आणि मग त्याबद्दल नारळ घ्यायला लावला. आमच्या नगरकडे देवळात नारळ घरून नेतात. इथे बूट-चपला सोडवून घेण्यासाठी नारळ घ्यावा लागतो हे मला नवीन होतं.

बुरुजावरून खाडी दिसते. सुलभा कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिनं मान वर करून दूर बघितलं. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता. आता विचारावं, असं मी मनाशी जुळवतो आहे, तेवढ्यात तीच म्हणाली, "ओहोटी लागलीय."

तीन महिन्यांत ती आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी काय करावं? मी "हो, छान," म्हणालो.

तेवढ्यात आमच्या दोघांच्या मध्ये एक कॅमेरा आला. "जोडीचा फोटो, साहेब. पत्ता द्या, पोस्टानं घरपोच. वहिनी, जरा हसा." मी त्याला पाठ दाखवली. सॅक लावल्यावर माणसाची पाठ दाखवायला चांगली मोठी होते. तो तरी हटेना, म्हणून मी सुलभाला म्हणालो, "चल, खाली पाण्यापाशी जाऊ. तिथे कुणी येणार नाही."

तिथे होडीवाला होता. बनियन, डोक्याला लाल रुमाल. "दादा, बसा होरीन. वयनीला खारीन फिरवून आनतू." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "बरा, नका बसू. पन त्या बाजून नका जाव. पानी गेलाय, चिखोल हाय."

आता बघा काणेकरांचा नियम डोक्यात कसा बसला होता. मला वाटलं, होडीत बसवायला हा भीती घालतोय. समोर छान चकचकीत काळी जमीन दिसत होती. तिच्यापलीकडे पन्नास पावलांवर पाणी. म्हटलं, सुलभाला फुकटात पाण्यात पाय बुडवून आणू.

"अहो, नको," सुलभा म्हणाली.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "मी आहे."

पहिली दोन पावलं ठीक पडली. तिसऱ्याला पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला दुसरा रोवला, तोही गेला. मग सॅकनं मला मागे ओढलं आणि मी त्या चिखलात पाटावर बसावं तसा बसलो. जिथून मराठ्यांच्या आरमाराला सुरुवात झाली म्हणतात, तिथे असा बसलेला नगरचा मी पहिलाच माणूस असेन. होडीवाल्यानं होडीतली फळी आणली, चिखलावर आडवी टाकली, माझ्या बगलेत हात घातला आणि मला उपसून काढलं. डावा बूट मात्र तिथेच राहिला. नवा कॅनव्हासचा होता. मी पैसे देऊ केले तर तो म्हणाला, "होरीन बसला असता तं घेतलं असतं."

काठावर पोचतो तो फोटोवाला कॅमेरा बंद करत होता. त्यानं सगळं टिपलं होतं. "एकदम नॅचरल आलाय, साहेब. पत्ता?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात सुलभानं पुढे होऊन माझ्या डोळ्यांदेखत त्याला आमचा संपूर्ण पत्ता सांगितला. चाळीच्या नावासकट, पिनकोडसकट. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळलं नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

वर रस्त्यावर भोईर जीपला टेकून उभा होता. टांगेवाला कंटाळून गेला होता, पण भोईर तिथेच. "साहेब, एका बुटावर कुठवर जानार? बसा. साइट बघा, पाय धुवा, मी ठाना स्टेशनला सोडतो." मी मोठ्या उपकारानं बसतोय असं दाखवत बसलो. मनातून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. घर तर घ्यायचं नव्हतंच. फुकटात जीप, फुकटात बाळकुम, फुकटात ठाणं. एवढ्या मुरलेल्या दलालाला मी असा गुंडाळला, हे काणेकरांना कधी सांगतो असं झालं होतं.

कशेळीचा पूल

कोनगावापासून कशेळीच्या पुलापर्यंत भोईर पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी उलटा, आमच्याकडे तोंड करून बसला होता. पुलावरून खाली खाडी दिसते, दोन्ही बाजूंना खाजणातली हिरवी झुडपं दिसतात, असं मला नंतर सुलभानं सांगितलं. मला वाटेत फक्त भोईर दिसला. हायवे टच. मार्केट टच. शाळा टच. पाणी चोवीस तास. अंगावरचा चिखल वाळून कडक होत होता आणि हलल्यावर त्याचे पोपडे सीटवर पडत होते. सकाळपासून आम्ही दोघं एक मिनिटही एकटे नव्हतो. अर्धा दिवस संपला होता, आणि तिचं मला एवढंच कळलं होतं, की तिला पिनकोड पाठ आहे.

बाळकुम

भोईरनं जीप आधी स्वतःच्या घरी नेली. कौलारू घर, पुढे ओटा, ओट्यावर जाळं वाळत टाकलेलं. त्याची आई बाहेर आली आणि मला बघून तिनं गालावर हात ठेवला. "आयो! कं परला हो?"

"दुर्गाडीला," भोईर म्हणाला. "चिखलात."

"ओहोटीचा गेला? कोनी सांगला नय त्याला?"

सुलभा खळखळून हसली. मी चकित होऊन बघत राहिलो. म्हातारीनं माझ्या पायांवर कळशीभर पाणी ओतलं, घरातल्या जुन्या रबरी सपाता दिल्या, आणि आम्ही नको नको म्हणत असताना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण पुढ्यात ठेवलं. आमच्या घरी मटण चालतं, पण सुक्या मासळीच्या वासानं वहिनी खिडक्या उघडते. मी जपून एक घास घेतला. सुलभानं पहिली भाकरी संपवली आणि दुसरी मागून घेतली.

"खा गो पोरी. कंचे गावची तू?" म्हातारीनं विचारलं.

मग सुलभा बोलायला लागली. गाव सांगितलं, खाडी सांगितली, त्यांच्याकडे चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, कशा धरतात ते हातवारे करून दाखवलं. इथल्या खाजणात अजून मिळतात का, विचारलं. म्हातारी म्हणाली, आता कमी झाल्या, आणि हातानं पलीकडच्या चार मजली इमारतीकडे दाखवलं. "तिचे खाली आमचा शेत व्हता. आता पोर तिथला घर इकतंय." सुलभानं तिचा हात हातात घेतला. मी भाकरी चिवडत ऐकत होतो. तीन महिन्यांत मला तीन शब्द, आणि या अनोळखी बाईला एका भाकरीत एवढं सगळं. मला सुलभाचा राग आला नाही. मला फार एकटं वाटलं.

जेवण झाल्यावर भोईर आम्हाला इमारतीत घेऊन गेला. जिन्याला कठडा नव्हता, भिंतींना गिलावा नव्हता, आणि चोवीस तास पाण्याच्या जागी भिंतीतून बाहेर आलेले पाइप होते. एकाही फ्लॅटला दार नव्हतं. फक्त तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवायला पुरा केला होता. पांढरा रंग, खिडकीला गज, आणि दार. भोईरनं कुलूप काढलं. "ह्यो हॉल, ह्ये किचन, इथं कपाट, इथं..."

"भाऊ," सुलभा म्हणाली, "आम्हाला पाच मिनिटं द्या. आम्हाला बोलायचंय."

भोईर पटकन बाहेर गेला. तिनं दार लावलं आणि आतून कडी घातली.

"अगं, कडी कशाला?" मी म्हणालो. "तो काय म्हणेल?"

"म्हणू दे!" ती ओरडली.

मी दचकलो. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. रिकाम्या खोलीत तो चारी भिंतींना लागून परत आला.

"ओहोटी लागलीय म्हणून मी सांगितलं होतं की नाही? खाडीवर जन्मलेय मी! आणि मला सांगतात, घाबरू नकोस, मी आहे! कुठे होतात तुम्ही? चिखलात होतात!"

"अगं, पण..."

"मधे बोलायचं नाही. तीन महिने मी मधे बोलले नाही." तिनं पर्स जमिनीवर ठेवली, पदर खोचला. "मला गवार आवडत नाही. आठवड्यातून चार दिवस गवार! कुणी एकदा विचारलं? सुकट घरात आणायची नाही. रात्री कूस बदलायची नाही, भांडी वाजतात. पहाटे डोळे मिटून पडायचं आणि वरून तुमचे दादा, झोपा, झोपा! आणि गाय म्हणे! मी गाय नाही. आमच्या गावात येऊन विचारा मला काय म्हणतात ते. मी एक शब्द बोलले तर पाच माणसं ऐकतात, म्हणून मी बोलत नाही, आणि तुम्हाला वाटतं बायको फार शहाणी! एकदा तरी विचारलंत, सुलभा, तुला काय वाटतं?"

"विचारणार कुठे?"

"पत्र लिहायचं!"

"एका घरात राहून पत्र?"

"मग? न्हाणीत नेऊन वाचलं असतं मी!"

आता माझाही आवाज चढला. म्हणजे मी चढवला असं नाही, तो आपोआप चढला. "आणि तू? तू काय केलंस? ट्रंक भरलीस! सगळ्या साड्या भरल्यास! दहावीचं सर्टिफिकेट भरलंस! सरळ सांग ना, परत यायचं नाही म्हणून. मला झोप येत नाही आठ दिवस. तू गेलीस की मी काय करू?"

शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं. ते मी बोलायचं ठरवलेलं नव्हतं.

"सर्टिफिकेट?" ती म्हणाली. "अहो, त्याच्या नकलांवर सही-शिक्का पाहिजे. अर्जाला जोडायला. इथे कोण ओळखतं मला? गावचे हेडमास्तर लगेच देतात. मला नोकरी करायचीय. टायपिंग झालंय माझं. हे तुम्हाला सांगायला मला तीन महिने जागा मिळाली नाही!"

"आणि स्वेटर?"

"उसवलाय!"

"आणि साड्या?"

"लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना बाई साड्या दाखवायला नेत नाही? तुमच्या नगरला काय रिकाम्या हातानं जातात?"

मला हसू यायला लागलं आणि ते आवरेना. ती म्हणाली, यात हसण्यासारखं काही नाही. मी म्हणालो, नाही. मग धीर करून विचारलं, "आणि बाबांनी लिहिलंय ते? महिनाभर राहू दे, पुढचं पुढे बघू?"

"ते बाबांनी लिहिलंय. मला कुणी विचारलंय?"

"मग मी विचारतो. तू कधी..."

दारावर थाप पडली. "साहेब," बाहेरून भोईर म्हणाला, "पानी चोवीस तास, हां!"

"अजून पाच मिनिटं!" सुलभा ओरडली, आणि माझ्याकडे वळून गवारीपासून पुन्हा सुरू झाली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. वहिनी झाली, आई झाली, मी गॅलरीत उभा राहून दात घासतो ते झालं. माझ्या बाजूनंही दोन-तीन गोष्टी निघाल्या. त्या इथे लिहीत नाही, कारण त्या सगळ्यांत मी चूक होतो असं ठरलं. शेवटी दोघांचेही घसे बसले. आम्ही भिंतीला टेकून फरशीवर बसलो. खिडकीतून खाडी दिसत होती. काणेकरांनी जे काही वर जाऊन पाहिलं असेल ते असो, मला त्या घडीला जगात दुसरं काही बघायचं नव्हतं. पण माझा प्रश्न तसाच राहिला होता, आणि पुन्हा विचारायचा धीर होईना.

आम्ही दार उघडलं. भोईर जिन्यात बसला होता. आता मला त्याची लाज वाटू लागली. म्हटलं, खरं ते सांगून टाकावं. "भोईर, तुम्हाला उगीच त्रास दिला. घर घेणं आम्हाला आत्ता जमणार नाही."

"माहीताय, साहेब. वाटेतच कळलं."

"कसं?"

"घर घेनारा मानूस पहिला पान्याचं विचारतो. मी शंभर वेळा पानी-पानी बोललो, तुमी एकदा पन विचारलं नाही, नळ कुठाय."

"मग आणलंत कशाला?"

"रविवारी गाडी रिकामी आली तर शेठ बोलतो. साइटवर मानसं दिसायला पायजेत." तो उठला, पँट झटकली. "बूट गेला तवाच म्हटलं, हे बसनार."

म्हणजे दिवसभर मी त्याला गुंडाळत होतो तेव्हा मी त्याच्या जीपमधला माल होतो. हे काणेकरांना मी अजून सांगितलेलं नाही.

"आनि साहेब," दाराला कुलूप घालता घालता भोईर हळूच म्हणाला, "आवाज खालच्या मजल्यापर्यंत येत होता."

सुलभा लाल झाली.

"लाजू नका, वहिनी. आमच्या घरात अकरा मानसं. मी नि बायको पन इथंच येतो भांडायला. चावी माझ्याकडंच असते." त्यानं कुलूप ओढून बघितलं. "पुढच्या रविवारी पायजे असंल तर आत्ताच सांगा."

मी काही बोलणार, त्याआधी सुलभा म्हणाली, "पुढच्या रविवारी नको. मी माहेरी असेन. त्याच्या पुढच्या रविवारी येतो आम्ही."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. शुक्रवार ते त्यानंतरचा दुसरा रविवार. नऊ दिवस. पुन्हा मोजले, तरी नऊच. मी तिच्याकडे बघितलं. ती पदर नीट करत होती.

"सकाळी लवकर येऊ," ती भोईरला म्हणाली. "पाच मिनिटांत होत नाही."

भोईरनं खिशातली डायरी काढली, वार बघितला आणि आमचं नाव लिहून घेतलं.